गुडघ्याखालचा ठिपका

आबा गेल्यावर भेटायला पुष्कळ माणसं आली. किन्हवलीच्या आमच्या घराची ओटी पंधरवडाभर रिकामी नव्हती. त्या सगळ्यांत मी एकाच माणसाची वाट पाहत होते, आणि तो आला नाही तर बरं, असंही मला वाटत होतं.

तो माणूस म्हणजे मुरबाडचे कमळाकर शेठ. लाकडाच्या वखारीचे मालक, आणि नेमबाजीचे सामने जिंकून चांदीचे पेले मिळवणारे. आबा म्हणजे माझे वडील, सावळाराम हवालदार. शहापूरच्या पोलिसांना बंदूक चालवायला शिकवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. या शेठकडे आबांनी दोन वर्षं, दर रविवारी, अशा नजरेनं पाहिलं होतं की तशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती नजर कुठली, हे सांगायचं तर आधी एका पत्र्याच्या चकतीबद्दल सांगायला हवं.

रुपयाहून थोडी मोठी चकती, मधोमध बारीक भोक. नवा शिपाई आला की आबा त्याला जमिनीवर पालथं पाडत, बंदूक त्याच्या हाती देत, आणि आपण त्याच्यासमोर नळीच्या तोंडाशी तसेच पालथे पडत. चकती उजव्या डोळ्याला लावत. शिपायानं त्या भोकावर, म्हणजे आबांच्या डोळ्यावरच, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. बंदूक अर्थात रिकामी. भोकातून आबांना माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, दिसे, माशीच्या मागं शिपायाचा डोळा दिसे. चाप ओढताना तो डोळा मिटतो का, नळी खाली-वर होते का, श्वास कुठे सुटतो, सगळं दिसे. बंदूक रिकामी आहे हे आधी शिपाई पाही, मग आबा स्वतः करंगळी आत घालून पाहत. दोघांनी पाहिल्याशिवाय ते समोर पडत नसत.

"बापानं सांगितलं रिकामी हाय, तरी बघायची," ते सांगत. "बाप पन इसरतो."

घरात आबा कुणाकडे नीट पाहत नसत. बोलताना त्यांचे डोळे दाराकडे असायचे, नाहीतर हातातल्या तंबाखूकडे. मी परीक्षेत पहिली आले तेव्हाही ते चुन्याच्या डबीकडे बघत "बरं झालं" म्हणाले. आणि तेच आबा कुठल्या तरी आडगावच्या, नाक पुसायची अक्कल नसलेल्या पोऱ्याच्या डोळ्यात चकतीतून किती तरी वेळ पाहत राहायचे. मी पोलीस लाइनीच्या कुंपणाशी उभी राहून हे बघत असे.

"आबा, मला एकदा पडू द्या ना."

"सरकारी हत्यार हाय. पोरींचं काम नाय ते."

माझ्या वाट्याला नाणं ठेवणं आलं होतं. पोलिसांना वर्षातून एकदा चांदमारीला नेत, आणि तेव्हाही प्रत्येकाला चार-दोन काडतुसंच मिळत. बाकी सारं शिक्षण रिकाम्या बंदुकीवर. आबा तर घरीही सराव करत, आणि घरी बंदूक नसल्यानं मुसळ घेऊन करत. संध्याकाळी दिवा लागायच्या आधी ते मुसळ खांद्याला लावून भिंतीसमोर उभे राहत. मी मुसळाच्या टोकावर एक ढब्बू पैसा ठेवायचा. आबा बोटानं नसलेला चाप ओढत. पैसा पडला नाही की मान हलवत. पडला तर मी तो उचलून पुन्हा ठेवायचा. मी ठेवताना पैसा कधी पडला नाही.

माझी आई भागी चुलीपाशी बसून हे बघायची. "भात सडायचं मुसळ हाय ते," ती म्हणायची. "उद्या मी तुमच्या बंदुकीनं भात सडला तं चालंल का सरकारला?"

समोरच्या भिंतीवर आबांनी चुन्याचा एक ठिपका काढला होता. माणसाच्या छातीच्या उंचीवर नाही, गुडघ्याच्या जरा खाली. एकदा मी विचारलं, इतका खाली का?

"माझ्या पोरांच्या म्होरं कागद नसतो, मानूस असतो," आबा म्हणाले. "हुकूम आला तं गोळी घालायलाच लागंल. पन कुठं घालायची ते त्यांच्या हाताला आदीच ठावं पायजे. तवा इचार करायला टाइम नसतो."

आबा कामावर गेले की मी मुसळ खांद्याला लावून त्या ठिपक्यावर नेम धरत असे. नाणं ठेवायला मात्र कुणी नसे.

कमळाकर शेठ आमच्या आयुष्यात आले ते मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत. सदतीस साल असावं. पौषातली जत्रा, बैलांचा बाजार भरलेला, घोंगड्यांचे ढीग. प्रांतसाहेबांनी त्या वर्षी जत्रेलगतच्या माळावर नेमबाजीचा सामना ठेवला. पोलीस आणि परवान्याची बंदूक असलेले लोक, सगळे एकाच सामन्यात. शहापूरकडून आबांचं नाव गेलं. आम्ही मायलेकी बैलगाडीतून गेलो. आईला घोंगडी घ्यायची होती, मला आबांना जिंकताना बघायचं होतं.

टेकडीच्या पोटाशी मातीचा बांध, बांधापुढे गोल वर्तुळांचे कागद, बाजूला तांबडं निशाण. आबा खाकी कपड्यांत, सरकारी रायफल घेऊन, जमिनीवर हात टेकून पडले. त्यांच्या शेजारी कमळाकर शेठचा गडी सतरंजी अंथरत होता. सतरंजीवर गादी. मग कोपराखाली ठेवायला कातडी उश्या. मग दुर्बीण, मग थर्मास. शेठ पंचविशीचे, गोरे, डोळ्यांवर पिवळ्या काचांचा चष्मा. मुंबईच्या कुठल्याशा क्लबात ते शिकले होते आणि महिन्याला शेकड्यांनी काडतुसं उडवत, असं बाजूचे लोक बोलत होते.

"बाळंतीन झोपवायची का काय तिथं?" आई म्हणाली.

मी हसले नाही. मला ती सतरंजी, ती दुर्बीण, ती काडतुसांनी भरलेली पेटी, सारं आबांसाठी हवं होतं. शेठ गोळी झाडली की रिकामी पुंगळी तशीच गवतात टाकत. गावची पोरं ती उचलून शिट्ट्या वाजवत होती. आमच्याकडे एक पुंगळी हरवली तर सगळी तुकडी दिवस मावळेतो गवत चाचपडत बसे, कारण प्रत्येक पुंगळी परत सरकारात जमा करावी लागे. आबांचीही नजर त्या पोरांच्या शिट्ट्यांकडे गेलेली मी पाहिली. ओठ आवळून त्यांनी मान फिरवली. तेव्हा मला कळलं की घरात हे सोसणारी मी एकटी नाही.

पहिल्या फेरीत ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं गोळ्या झाडायच्या होत्या. आबा आणि शेठ बरोबरीत आले. बाकीचे पुष्कळ मागे. मग प्रांतसाहेबांनी ठरवलं की निकालासाठी दोघांनी हुकमावर पाच गोळ्या झाडाव्यात, म्हणजे कुणाला रेंगाळायला वाव नको. मुरबाडचे फौजदार पुढे झाले. मला आनंदच झाला. हुकमावर गोळी झाडणं हेच तर आबांचं काम होतं.

"फायर!" फौजदार ओरडले. पुन्हा "फायर!" आणि पुन्हा. आबांची गोळी प्रत्येक वेळी हुकमाच्या शेपटाला धरूनच सुटत होती. शेठना दर खेपेस उशीर होत होता. दोनदा त्यांनी मान वर करून फौजदारांकडे रागानं पाहिलं. पाचवी गोळी झाली. लोक कागदाकडे धावले. आबा कागदाकडे न बघता गुडघ्यांवर बसून आपल्या पाच पुंगळ्या वेचत राहिले.

त्या पुंगळ्या खिशात घालून ते उठेपर्यंत लोकांचं हसू ऐकू यायला लागलं होतं. शेठच्या गोळ्या वर्तुळात इकडेतिकडे विखुरल्या होत्या, पण वर्तुळात होत्या. आबांच्या पाचही गोळ्या कागदाच्या पार तळाशी होत्या, काळ्या गोलापासून वीतभर खाली. एकीला एक चिकटून.

"हवालदार, बैलाच्या खुराला नाल मारता का काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

हुकूम ऐकल्याबरोबर आबांचा हात, जिथे वीस वर्षं जात होता, तिथे गेला होता. गुडघ्याखाली. त्यांना समोर कागद आहे याची आठवण राहिली नाही. त्यांना ते लगेच समजलं, आणि मलाही. आईला समजलं नाही, ती म्हणाली, "यांचे डोळे गेले वाटतं."

कमळाकर शेठ कागदापाशी गेले. त्या पाच भोकांवर त्यांनी तळहात ठेवला. पाचही झाकली गेली. आपल्या कागदावर त्यांनी तसंच करून पाहिलं, तर तीन भोकं बोटांच्या बाहेर राहिली. मग ते चांदीचा पेला काखेत मारून आबांकडे आले.

"हवालदार, हे मला शिकवा."

"तुमी जिकलात, शेठ. आता काय शिकायचं ऱ्हायलं?"

"खाली-वर मी माझं बघून घेईन. हुकमावर पाचही एका जागी कशा बसतात, ते शिकवा."

आबा गाडीकडे वळले. परत येताना गाडीत ते एकच वाक्य बोलले, "त्याला सतरंजी लागते." आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

मला वाटलं ते नाही म्हणतील. पण पुढच्या आठवड्यात शेठची मोटार लाइनीबाहेर उभी राहिली तेव्हा आबा दारात येऊन म्हणाले, "दर रविवारी या. बंदूक आना, काडतुसं घरी ठेवून या. सतरंजी पन."

त्यामागे काय होतं, ते मी पहिल्याच रविवारी पाहिलं. आबांनी शेठना उघड्या खडीवर पाडलं. चष्मा काढायला लावला. "कोपर लागतं?" विचारलं, आणि लागतं म्हटल्यावर म्हणाले, "लागायचंच." मला फार समाधान वाटलं. आई खिडकीतून बघत म्हणाली, "पेल्याचा वचपा काढतायत." त्या दिवशी आम्ही तिघंही खुशीत जेवलो.

पण पुढच्या रविवारी करंगळी घालून बंदूक पाहून झाली, आणि आबा शेठसमोर पालथे पडले आणि त्यांनी चकती डोळ्याला लावली. इतका वेळ त्यांनी कुठल्याच शिपायाकडे पाहिलं नव्हतं. रविवारमागून रविवार गेले. खडीवरचं पाडणं हळूहळू वचपा राहिला नाही. आबा शनिवारपासूनच चकती घासून ठेवू लागले. शेठबद्दल बोलताना "तो" जाऊन "ते" आलं, मग नुसतंच "कमळाकर". एकदा जेवताना आबा आपणहून म्हणाले, "आज त्यानं पापनी हलू दिली नाय." मी त्या वर्षी शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसले होते, आणि मी कुठवर आले हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "सुंदरे, पैसा घेऊन ये."

मी ढब्बू पैसा घेऊन गेले. शेठच्या बंदुकीच्या नळीवर, माशीच्या मागं, तो ठेवला. नळी गार आणि तेलकट होती. पैसा पडावा असं मला मनापासून वाटत होतं. शेठनी चाप ओढला. पैसा जागचा हलला नाही. आबा चकतीमागून म्हणाले, "शाबास." ते मला नव्हतं.

पुढे लढाई सुरू झाली, काडतुसं मिळेनाशी झाली, सामने बंद पडले. शेठचं येणं थांबलं. मी कॉलेजातून शिकून मुरबाडच्या मुलींच्या शाळेत लागले. आबा पेन्शनीत किन्हवलीला आले. मुरबाडात शेठची वखार माझ्या शाळेच्या वाटेवरच होती. मी लांबच्या वाटेनं जात असे. सुट्टीत घरी गेले की आबा विचारायचे, "कमळाकर भेटतो का गो?" मी कशी आहे हे विचारायच्या आधी.

यंदा आश्विनात आबा गेले. शेवटच्या दोन दिवसांत ते कुणाला ओळखत नव्हते, त्यामुळे त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. याचं मला बरं वाटलं होतं.

शेठ आले ते कार्तिकात. कसाऱ्याकडच्या जंगलात तोड चालू होती, तिकडे महिनाभर अडकले होते, बातमी उशिरा कळली, असं ते म्हणाले. केस पांढरे व्हायला लागले होते. मोटारीतून उतरताना त्यांच्या हातात बंदुकीची कातडी पिशवी होती. ओटीवर बसले, चहा घेतला, आणि आबा कसे गेले ते आईकडून सगळं ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चकती आहे का हो, बाई?"

यासाठीच आले आहेत, असं मला वाटलं. द्यायची नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. आणून त्यांच्यासमोर ठेवली, पण हात तिच्यावरच ठेवला.

"मला नेता यायची नाही, ते दिसतंय," शेठ म्हणाले. "नकोय मला. नुसती बघायची होती." मग म्हणाले, "सामने परत सुरू झालेत. मी अजून हुकमाच्या गोळीला फसतो. दोन वर्षं हवालदारांनी जीव टाकला माझ्यावर, पण नाही आलं ते. एकदा कंटाळून काय म्हणाले माहितीय? 'शेठ, तुमची नजर माझ्याकडं येतच नाय, पेल्याकडं जाते. माझ्या पोरीचा हात बघा. पैसा ठेवताना हलतो का कधी? तिला पाडली असती समोर, तर महिन्यात तयार केली असती.'"

"हे मला कधी नाही म्हणाले," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "तुम्हाला सांगितलं."

"मला काही कौतुकानं नाही सांगितलं. खिजवायला सांगितलं. आणि खिजलो मी. त्यानंतर तुम्ही पैसा घेऊन आलात की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा."

आई हसली. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच. "तुमी दोघं पन येडीच," ती म्हणाली.

शेठनी पिशवी सोडली. "पडता का, बाई? मी समोर पडतो."

मी नाही म्हणेन असं मलाच वाटलं होतं. घरामागे खळं नुकतंच शेणानं सारवलेलं होतं. शेठनी बंदूक उघडून आत पाहिलं आणि माझ्या हाती दिली. मी करंगळी घातली. आत गार, तेलाचा वास. मग पदर खोचून खळ्यावर पालथी पडले. शेठ माझ्यासमोर पडले, सतरंजीवाचून, स्वच्छ धोतरासकट, आणि त्यांनी चकती डोळ्याला लावली.

"कवाड लावून घेते," आई म्हणाली. "गावानं बघितलं तं म्हनतील बाप गेला नि पोर बिघडली." कवाड लावून ती परत आली. "अशी नाय गो पडत. पाय फाकव जरा. टाच टेकव भुईला. ते असं पडायचे का?" वीस वर्षं खिडकीतून ती हे बघत होती. मग कमरेची पिशवी सोडून तिनं एक पैसा काढला आणि नळीवर ठेवला. पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदा राहिला.

मी नेम धरला. समोर पत्र्याची चकती आणि तिच्यात एक काळा ठिपका. बस, एवढंच. मागे डोळा आहे हे मला ठाऊक होतं, पण दिसत काही नव्हतं. इतकी वर्षं ज्या नजरेसाठी मी कुंपणाशी उभी राहिले, ती या बाजूनं दिसतच नव्हती. आबांपुढे पडलेल्या एकाही पोऱ्याला ती दिसली नसेल. शेठनाही नाही.

"हुकूम द्या," मी म्हणाले.

"फायर!"

मी चाप ओढला. खट्ट. पैसा हलला नाही. शेठनी चकती डोळ्यावरून काढली नाही.

"खाली गेलात," ते म्हणाले. "हुकूम दिल्याबरोबर नळी खाली गेली आणि तिथे थांबली. काठीसारखी. म्हशाच्या जत्रेत हवालदारांची गेली होती तशीच." त्यांनी चकती खाली केली. "कुणी शिकवलं?"

मी भिंतीवरच्या चुन्याच्या ठिपक्याबद्दल सांगितलं, मुसळाबद्दल सांगितलं. ते ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला ओळखू आलं. कितीतरी वर्षं ते मी आरशात पाहत आले होते.

"आता तुम्ही पडा बंदुकीमागे," मी म्हणाले. "मला पलीकडून बघायचंय."

त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं. बंदूक इतका वेळ माझ्याच हातात होती, तरी मीही करंगळी पुन्हा आत घातली. मग जागा बदलल्या. चकती मी उजव्या डोळ्याला लावली. पत्रा गार होता आणि आबांच्या तंबाखूचा वास त्याला अजून होता. भोकातून आधी माशी दिसली, मग तिच्यामागे शेठचा डोळा. आबा रोज काय पाहत होते ते मी पाहिलं. इतक्या जवळून, इतका वेळ, दुसऱ्याच्या डोळ्यात मी कधी पाहिलं नव्हतं. तो डोळा भरून आला होता. पाणी पापणीच्या कडेला साचलं होतं आणि त्यातून त्यांना माशी नीट दिसत नसणार.

आबा गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. यांना आलं, तेही माझ्या वडिलांसाठी, माझ्यासमोर. त्याचाही मला हेवा वाटला.

"शेठ," मी म्हणाले, "डोळा पुसा. मी थांबते."